सर्टिफिकेट आलं, काम आलं का?

३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री जीएसटी परिषदेची बैठक संपली आणि जाहीर झालं, की २२ तारखेपासून, म्हणजे ऐन घटस्थापनेला, नवे दर लागू होणार. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास निकालात निघाले, बहुतेक माल ५ किंवा १८ टक्क्यांत आला. टीव्हीवर स्वस्ताईच्या बातम्या सुरू झाल्या. तयार कपड्यांच्या दुकानात मात्र वेगळाच पेच होता. नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यापुढे १८. मग २,६०० चा कुर्ता सवलत देऊन २,४५० ला विकला तर कर किती? (५ टक्के, कारण कर प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीवर ठरतो.) बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नवे दर भरता येतात, पण "जीएसटी कमी झाला ना, मग भाव तोच कसा?" असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला उत्तर देणारा माणूसच असतो, तोही नवरात्रीच्या गर्दीत.

मोठ्या साखळी दुकानांकडे अशा वेळी ट्रेनिंगचा वेगळा विभाग असतो. सात-आठ माणसांच्या दुकानात काय होतं? सीए व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतात, मालक ती कामगारांच्या ग्रुपवर ढकलतो, खाली पाच अंगठे उमटतात. झालं ट्रेनिंग.

हेही ऑनलाइन ट्रेनिंगच आहे. त्याला कोणी तसं म्हणत नाही एवढंच. दुसऱ्या टोकाला कंपन्यांचे फोन येत असतात: सर, आमच्या ॲपवर तुमच्या स्टाफसाठी शेकडो कोर्स आहेत, माणशी महिना इतके रुपये. अंगठ्यांचा ग्रुप आणि शेकडो कोर्सचं ॲप, यांच्या मधे छोट्या धंद्याला नेमकं काय परवडतं आणि त्यातून काम खरंच सुधारतं का, ते पाहू.

छोटा म्हणजे किती छोटा?

सरकारची व्याख्या पैशांवर चालते. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असेल तर तो सूक्ष्म उद्योग. २५ कोटी गुंतवणूक आणि १०० कोटी उलाढालीपर्यंत लघु. बँकेच्या कर्जाला, सरकारी योजनांना हे आकडे लागतात. ट्रेनिंगच्या प्रश्नाला ते फारसे उपयोगाचे नाहीत. तिथे एकच आकडा महत्त्वाचा: माणसं किती.

भोसरीत किंवा सातपूरला दहा माणसांचं वर्कशॉप असेल, तर त्यातला एक सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारं मशीन) ऑपरेटर दोन दिवस वर्गात पाठवणं म्हणजे दोन दिवस एक मशीन बंद ठेवणं. हजार माणसांच्या कारखान्यात एकाच्या जागी दुसरा उभा करता येतो, इथे दुसरा नसतो. एचआर नसतो. शिकवायचं कोणी, तर मालकाने किंवा सगळ्यात जुन्या कामगाराने, आणि दोघांनाही वेळ नाही. म्हणून "मोबाइलवर शिका, जमेल तेव्हा शिका" हे वाक्य मालकाला गोड लागतं. त्यात तथ्य आहेच. गोंधळ होतो तो पुढे, जेव्हा सगळ्याच गोष्टी मोबाइलवर शिकता येतात असं गृहीत धरलं जातं.

ऑनलाइनमध्ये प्रकार किती

ढोबळमानाने तीन. पहिला, थेट वर्ग: ठरलेल्या वेळी झूम किंवा गूगल मीटवर शिक्षक बोलतो, समोरचा प्रश्न विचारू शकतो. दुसरा, आधीच रेकॉर्ड केलेला कोर्स: व्हिडिओ पाहा, प्रश्नांची उत्तरं द्या, शेवटी सर्टिफिकेट. कोणी किती पाहिलं, कोणाला किती गुण, याचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला एलएमएस म्हणतात. ट्रेनिंगची हजेरीवही आणि निकालपत्रक एकत्र, इतकंच ते असतं. तिसरा प्रकार म्हणजे दोन-तीन मिनिटांचे छोटे व्हिडिओ, जे व्हॉट्सॲपवर फिरतात किंवा मशीनशेजारी चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन केला की उघडतात.

पैसे न देता बरंच काही मिळतं. केंद्र सरकारचं स्वयम् २०१७ पासून आहे, तिथे कॉलेजच्या धाटणीचे कोर्स जास्त. स्किल इंडिया डिजिटल हब २०२३ मध्ये आलं, तिथे धंद्याशी संबंधित कोर्स सापडतात. स्वतःचा एलएमएस हवाच असेल तर मूडल नावाचं सॉफ्टवेअर २००२ पासून मोफत उपलब्ध आहे, पण ते बसवायला आणि सांभाळायला जाणकार लागतो. दहा माणसांसाठी हा खटाटोप करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दहा जणांची हजेरी वहीत लिहिता येते.

आणि महाराष्ट्राला हे सगळं काही अगदी नवं नाही. एमएस-सीआयटी २००२ पासून चालू आहे. लाखो जण कॉम्प्युटर शिकले ते पडद्यावरचे धडे बघत, पण गल्लीतल्या सेंटरमध्ये बसून, आणि अडलं की "सर, हे उघडत नाहीये" म्हणत. धडा पडद्यावर आणि माणूस शेजारी, अशी ती जोडी होती. या जोडीतला माणूस काढून टाकला की खर्च वाचतो खरा, पण अडलेला मुलगा कोणाला विचारणार?

पडद्यावरून काय शिकता येतं आणि काय नाही

भाकरी घ्या. ज्वारीचं पीठ ताजं असावं, पाणी गरम असावं, पीठ चांगलं मळावं, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवावं, हे सगळं व्हिडिओत सांगता येतं आणि ऐकणाऱ्याला कळतंही. तरी पहिली भाकरी थापताना चिरते, दुसरी उचलताना तुटते. कारण पीठ "झालं" हे तळहाताला कळावं लागतं आणि ते व्हिडिओतून तळहातापर्यंत पोचत नाही. म्हणून व्हिडिओ निरुपयोगी ठरत नाही. व्हिडिओ पाहून आलेली सून आणि काहीच न पाहिलेली सून यांत फरक पडतोच. सासूचं अर्धं बोलणं वाचतं.

कोणत्याही कामाचे असे तुकडे पडतात. एक तुकडा माहितीचा: आकडे, नियम, नावं, क्रम. दुसरा ओळखण्याचा: रंग, वास, आवाज, बिघडल्याची खूण. तिसरा हाताचा. पहिला तुकडा पडद्यावरून उत्तम जातो, दुसरा निम्मा जातो, तिसरा जवळपास जात नाही. एखादं ट्रेनिंग फसतं तेव्हा शिकवणारा वाईट होता असं नसतं, बरेचदा तिसऱ्या तुकड्याचं काम पहिल्याच्या पद्धतीने शिकवलेलं असतं.

हे नीट कळायला एका छोट्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात जाऊ, कारण तिथे ऑनलाइन ट्रेनिंग कायद्याच्या वाटेने आधीच पोचलं आहे. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा. तो राबवणाऱ्या एफएसएसएआय या केंद्रीय संस्थेने २०१७ मध्ये फॉस्टॅक नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. केंद्राचा किंवा राज्याचा परवाना असलेल्या खाद्यव्यवसायात अन्न हाताळणाऱ्या दर २५ माणसांमागे एक तरी प्रशिक्षित सुपरवायझर हवा, असा त्याचा दंडक. कोविडच्या काळात हे वर्ग ऑनलाइन गेले आणि छोट्या हॉटेलवाल्यांची सोय झाली. सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं.

त्यात काय शिकवतात? शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात जास्त वेळ राहू देऊ नका, कारण त्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. कच्चं चिकन कापायची पाटी आणि सॅलडची पाटी वेगळी ठेवा. अन्न पुन्हा गरम करताना ते आतपर्यंत ७५ अंशांवर जाऊ द्या. आणि हे वाचून आपल्याकडचे कित्येक आचारी चमकतील: थंड रश्श्यात उकळतं पाणी ओतलं म्हणजे रस्सा पुन्हा गरम केला असं धरत नाहीत. गर्दीच्या वेळी मिसळीचा कट कसा वाढवला जातो हे ज्याने पाहिलं आहे त्याला या एका नियमाचं मोल कळेल. हा सगळा पहिला तुकडा. ऑनलाइन वर्गात तो छान बसतो. उलट चार हॉटेलवाले आपापल्या ठिकाणाहून प्रश्न विचारतात म्हणून जास्तच छान बसतो.

आता तळणीचं तेल. वारंवार तापवलेल्या तेलात जी घातक संयुगं तयार होतात, त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. ऑनलाइन वर्गातला विद्यार्थी हा आकडा पाठ करेल, परीक्षेत बरोबर उत्तर देईल. पण वड्याच्या कढईपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे टक्के मोजायचं यंत्र नसतं. त्याला रंग बघायचा असतो, फेस किती आणि किती वेळ टिकतो ते बघायचं असतं, आच तीच असताना धूर लवकर येऊ लागला का, चमच्यावरून ओघळताना तेल चिकट वाटतं का, हे बघायचं असतं. हा दुसरा तुकडा. फोटो दाखवून तो अर्धा शिकवता येतो, उरलेला अर्धा त्याच कढईपाशी, तिसऱ्या दिवशीच्या तेलाकडे बोट दाखवून.

आणि मग येतो एक चौथाच अडथळा, तो ट्रेनिंगचा नसतोच. तेल फेकायचं हे आचाऱ्याला कळतं, पण डबा संपला तर मालक ओरडतो. वर्तमानपत्राच्या कागदात वडे बांधू नयेत हे गाडीवरच्या पोऱ्यालाही माहीत असतं, पण दुसरा कागद आणून ठेवलेला नसतो. इथे कितीही कोर्स करा, उपयोग शून्य. ट्रेनिंगवर खर्च करण्याआधी मालकाने स्वतःला विचारावं: माणसाला येत नाही, की मी करू देत नाही?

अजून एक. त्या २५ जणांमागे प्रशिक्षित झाला तो एकच. बाकीच्या चोवीस जणांपर्यंत ते पोचवायचं काम त्याचं, आणि ते स्वयंपाकघरातच व्हायचं. सर्टिफिकेट भिंतीवर लागलं की आपण सुटलो अशी समजूत सर्रास दिसते. खरं तर तिथे अर्धंच काम झालेलं असतं.

वर्कशॉपमध्येही हेच. मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, वाचायला व्हिडिओवरून येतं, ०.०१ मिलिमीटरपर्यंत वाचन कसं घ्यायचं हे पडद्यावर मोठं करून दाखवता येतं, प्रत्यक्षात चौघांनी एकाच्या खांद्यावरून वाकून बघण्यापेक्षा बरं दिसतं. पण रॅचेट, म्हणजे त्याच्या टोकाची फिरकी, किती फिरवायचा, जॉबवर (मोजायच्या भागावर) किती दाब पडतो, हे बोटांनी शिकायचं असतं. ते न शिकलेल्या दोघांनी एकच जॉब मोजला तर मापं वेगळी येतात आणि मग रिजेक्शन कोणामुळे झालं यावर दुपार जाते.

"सर्टिफिकेट आहे की! मग शिकला ना?"

नाही. सर्टिफिकेट सांगतं की कोर्स संपला. तोही कोणी संपवला ते सांगतंच असं नाही. एकच चुणचुणीत पोरगा सगळ्यांच्या मोबाइलवर सगळ्यांचे कोर्स पटापट उरकतो, हा प्रकार ज्याने पाहिला नाही असा सुपरवायझर विरळा.

आधी कोर्स संपवण्याचंच बघू. हार्वर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांच्या मोफत ऑनलाइन कोर्समध्ये २०१७-१८ साली नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोक शेवटपर्यंत पोचले. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी बसलेल्यांत मात्र हा आकडा ४६ टक्के होता. म्हणजे फुकट लिंक पाठवून "बघून घ्या रे" म्हटलं तर काय होणार ते उघड आहे. बघायला वेळ, जागा आणि कारण द्यावं लागतं.

संपवलं तरी टिकतं का? हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच सर्वाधिक वेगाने विसरलं जातं. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी आणखी एक मजेशीर गोष्ट दाखवली. काही विद्यार्थ्यांना एक उतारा दोनदा वाचायला दिला. काहींना एकदा वाचायला दिला आणि मग न बघता आठवायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर चित्र उलटं: आठवायला लावलेल्यांना ५६ टक्के आठवत होतं, दोनदा वाचणाऱ्यांना ४२.

याचा दुकानातला अर्थ असा, की व्हिडिओ संपल्या संपल्या येणारे पाच प्रश्न आपल्याला फसवतात. त्या क्षणी सगळ्यांना सगळं येत असतं. तोच प्रश्न तीन दिवसांनी, दुकान उघडताना, तोंडी विचारा: "काय रे, सवलतीच्या कुर्त्याला कोणत्या किमतीवरून जीएसटी बघायचा?" याला अर्धा मिनिट लागतो, एकही रुपया लागत नाही, आणि तो पुन्हा व्हिडिओ दाखवण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. आठवड्याने परत विचारा. उत्तर चुकलं तर रागवू नका, चुकून मग दुरुस्त झालेलं जास्त लक्षात राहतं.

मोजायचंच असेल तर गुण मोजू नका, काम मोजा. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ मध्ये ट्रेनिंग तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, समजलं का, वागण्यात उतरलं का, धंद्यात फरक पडला का. ऑनलाइन कोर्स विकणारे पहिल्या दोन पायऱ्यांचे आकडे रंगीत तक्त्यात देतात, कारण ते सॉफ्टवेअरला आपोआप मिळतात. उरलेल्या दोन तुम्हालाच बघाव्या लागतात, आणि छोट्या धंद्यात ते सोपं असतं. परत आलेले जॉब किती, चुकीची बिलं किती, "भाजीला वास येतोय" म्हणणारी गिऱ्हाइकं किती, हे मालकाला महिन्याभरात तोंडपाठ असतं. मोठ्या कंपनीला हेच शोधायला माणूस नेमावा लागतो.

"आमची माणसं कमी शिकलेली, त्यांना कुठे जमणार?"

हीच माणसं यूपीआयने पैसे पाठवतात, गावाकडे व्हिडिओ कॉल करतात, जेवणाच्या सुट्टीत रील बघतात. मोबाइल त्यांना अडवत नाही. अडवते भाषा. पुण्या-मुंबईच्या हॉटेलात मालक मराठी, काउंटरवरचा कन्नड किंवा तुळू, आचारी नेपाळी, भांडी घासणारा झारखंडचा असं सर्रास असतं. कोर्स इंग्रजीत, आणि मराठी भाषांतर असलंच तर "कृपया आपले हस्त प्रक्षालन करा" छापाचं. गोव्यात हॉटेलच्या हंगामी कामगारांचंही असंच, तिथे कोंकणीही मदतीला येत नाही. अशा ठिकाणी शब्द कमी आणि हात जास्त दिसणारा व्हिडिओ निवडावा, नाहीतर आपल्याच हॉटेलातल्या, साध्या बोलीभाषेत समजावणाऱ्या माणसाला उभं करावं.

दुसरी अडचण कोणी मोकळेपणी बोलत नाही ती वेळेची. "घरी जाऊन बघून ये" हे सांगायला सोपं. पॅकिंगला येणाऱ्या बाईच्या घरी फोन एकच असतो, तो संध्याकाळी मुलाकडे किंवा नवऱ्याकडे, आणि तिच्या हातात पोळपाट. डेटा तिचा, वेळ तिचा, फायदा तुमचा. मालकाने सांगितलेलं ट्रेनिंग हे काम आहे. ते कामाच्या वेळेत, पगारी वेळेत व्हायला हवं. आठवड्यातून वीस मिनिटं, शिफ्ट सुरू होताना, एका टीव्हीवर किंवा मोठ्या फोनवर सगळ्यांनी मिळून पाहिलं तरी चालतं. उलट एकत्र पाहताना "आपल्याकडे असं कुठे करतो?" हा खरा प्रश्न कोणीतरी विचारतोच, आणि शिकणं तिथे सुरू होतं.

एखादं ॲप कामगाराच्या स्वतःच्या फोनवर टाकायला लावत असाल तर ते काय काय परवानग्या मागतं ते आधी बघा. हजेरीसाठी लोकेशन, फोटो, संपर्कयादी मागणारी ॲप कमी नाहीत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि तो नसता तरी कोर्स बघायला कोणाची संपर्कयादी लागत नाही.

"शिकवलं आणि सोडून गेला तर?"

जाईल. या आक्षेपाला गोड उत्तर देण्यात अर्थ नाही. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६० च्या दशकात हा पेच नीट फोड करून दाखवला. काही कौशल्यं कुठेही चालतात: सीएनसी प्रोग्रामिंग, टॅली, एक्सेल. ती शिकलेल्या माणसाला शेजारचा कारखानदार दोन हजार जास्त देऊन नेऊ शकतो, म्हणून मालक हात आखडता घेतो. काही कौशल्यं तुमच्याच धंद्यापुरती: तुमच्या गोडाऊनची मांडणी, तुमच्या मशीनच्या खोडी, तुमच्या गिऱ्हाइकांचे हट्ट. ती शिकवायला भीती कसली?

ऑनलाइनचा हिशेब इथे वेगळा लागतो. पहिल्या प्रकारच्या कौशल्यांचे कोर्स स्वस्तात किंवा फुकट तयार मिळतात, तेव्हा माणूस गेला तर बुडतो तो मुख्यतः त्याला दिलेला वेळ. दुसऱ्या प्रकारचं तयार मिळणारच नाही, ते तुम्हालाच रेकॉर्ड करावं लागेल. पण एकदा केलं की माणूस जातो, व्हिडिओ राहतो. दर सहा महिन्यांनी नवा हेल्पर येत असेल तर प्रत्येकाला तेच तेच पहिल्यापासून सांगणाऱ्या जुन्या कामगाराला विचारा, त्याला किती बरं वाटेल. माणसं टिकत नाहीत हे रेकॉर्डिंग न करण्याचं कारण म्हणून सांगितलं जातं. मला ते करण्याचं सगळ्यात मोठं कारण वाटतं.

सर्टिफिकेट मात्र कामगाराचं असतं. ते अडकवून ठेवणारे मालक आहेत. ते चूक आहे, आणि त्याने माणूस थांबतही नाही.

कायद्यासाठीचं ट्रेनिंग

हा वेगळाच कप्पा. उदाहरणार्थ, कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती नेमावी लागते, आणि कर्मचाऱ्यांसाठी वेळोवेळी जागृती कार्यशाळा घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, हे तिथल्या बाईला माहीत असायला हवं. नियम तोडल्यास ५० हजारांपर्यंत दंड आहे. याचे रेकॉर्ड केलेले कोर्स भरपूर विकले जातात. माहितीपुरते ते ठीक. पण मालकच समोर बसलेला असताना लावलेल्या व्हिडिओत कोणती मुलगी प्रश्न विचारेल? निदान वर्षातून एकदा बाहेरच्या जाणकार व्यक्तीचा थेट वर्ग घ्यावा, ऑनलाइन चालेल, पण प्रश्न विचारता यायला हवेत आणि मालकाने काही वेळ खोलीबाहेर जावं.

आगीचं उलट आहे. अग्निशामक कसा वापरायचा हे व्हिडिओत पाहून घ्या, पण एकदा तरी मोकळ्या जागेत प्रत्येकाने पिन काढून, नळी रोखून, खटका दाबून बघायलाच हवं. धूर झाल्यावर पिन कुठे आहे ते शोधत बसायला वेळ नसतो.

घरच्या घरी करायचं तर

एकच वारंवार होणारी चूक निवडा. "सेल्स स्किल" किंवा "क्वालिटी" असला मोघम विषय नको. "परत आलेल्या मालाची नोंद करायची राहते" असा नेमका हवा. ज्याला ते काम सगळ्यात चांगलं येतं त्याला ते करायला सांगा आणि मोबाइल उभा धरून त्याचे हात चित्रित करा. चेहरा नाही दिसला तरी चालेल. दोन-तीन मिनिटं पुरे. आवाज मात्र स्वच्छ यायला हवा, कंप्रेसर चालू असेल तर बोलणं नंतर टाका. आणि काम करताना तो जे सांगत नाही ते त्याला विचारून बोलतं करा: "तू आत्ता का थांबलास?" जुन्या माणसाला स्वतःचं कसब कसब वाटतच नाही, ते तसं उपटून काढावं लागतं.

मग व्हिडिओ दाखवण्याची पद्धत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांत नवखे कामगार लोंढ्याने आले, तेव्हा सुपरवायझरांना शिकवायला शिकवणारा एक छोटा कार्यक्रम आखला गेला, एकूण दहा तासांचा. युद्धानंतर जपानी कारखान्यांनी तो उचलला आणि मनापासून राबवला. त्याच्या चार पायऱ्या आजही पुरतात: आधी माणसाला मोकळं करा आणि त्याला काय येतं ते विचारा; मग काम करून दाखवा आणि का ते सांगा; मग त्याच्याकडून करून घ्या, आणि करताना त्यालाच बोलायला लावा; शेवटी त्याला एकटं सोडा, पण अधूनमधून डोकवा. यातली दुसरी पायरी मोबाइलवर ढकलता येते. पहिली, तिसरी आणि चौथी नाही. म्हणजे ऑनलाइनने मालकाचा पाऊण वेळ वाचेल हे खरं नाही, पाव वाचेल. पण तो पाव सगळ्यात कंटाळवाणा, सतत तेच तेच सांगण्याचा असतो.

व्हिडिओ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून सोडू नका. दोन दिवसांत तो गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला जातो. गूगल ड्राइव्हवर किंवा यूट्यूबवर लिंक असलेल्यांनाच दिसेल अशा रीतीने ठेवा, त्याचा क्यूआर कोड छापून, लॅमिनेट करून जिथे काम होतं तिथे लावा. ग्राइंडरचा ग्राइंडरपाशी, बिलिंगचा काउंटरखाली. व्हिडिओच्या सुरुवातीलाच तारीख बोला. जुन्या जीएसटी दरांचा व्हिडिओ नव्या पोराने पाहिला तर काहीच न पाहिल्यापेक्षा जास्त नुकसान होतं. वर्षातून एकदा सगळे व्हिडिओ चाळून बाद झालेले काढून टाका.

आणि तरीही कोर्स विकत घ्यायचाच असेल, तर विक्रेत्याला विचारा: मराठीत आणि हिंदीत एकेक धडा आत्ता दाखवता का, किमान किती माणसांचे पैसे घेता, इंटरनेट नसताना चालतो का, साध्या आठ हजारांच्या फोनवर चालवून दाखवा. कामगाराला कोर्सच्या मधे अडलं तर तो कोणाला फोन करेल, तेही विचारा. आणि उद्या पैसे भरणं थांबवलं तर आमच्या माणसांची सर्टिफिकेटं आणि नोंदी आम्हाला मिळणार की नाही, हे लेखी घ्या.